परभणीचा उन्हाळा आणि पितळी जडावाची दोन टेबले : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका हस्तकला प्रदर्शनातून मी शिसमची दोन साइड टेबले घेतली. दोन्ही सहारनपूरच्या घडणीची, 18 इंच व्यासाच्या गोल फळीची आणि घडी होणाऱ्या कोरीव पायांची आहेत. एकाच्या कडेने पितळी पट्टीची अखंड वेल फिरते, तर दुसऱ्यावर सुटी पाने आणि ठिपके जडवलेले आहेत. विक्रेत्याने ती ‘अँटिक’ म्हणून पुढे केली होती; परंतु 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी कलावस्तू किमान 100 वर्षांची असावी लागते, तेव्हा ही जुन्या वळणाची नवी टेबले आहेत हे मनाशी धरूनच मी पैसे मोजले. वाड्यातले शिसवी सामान पाहून वाढलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की आपली काळसर शिसवी आणि उत्तरेतला तपकिरी शिसम ही जवळच्या नात्यातली असली तरी निराळी झाडे आहेत.

हिवाळा निर्वेध गेला. एप्रिलमध्ये हवा कोरडी पडली, पारा 42 च्या पुढे सरकला आणि वेलीची पट्टी खाचेतून वर आली. विक्रेत्याने फोनवर ओल्या फडक्याला दोष दिला, जो मला पटला नाही, कारण पट्टी सगळीकडे उचललेली नव्हती. लाकडाचे रेषे ज्या दिशेने जातात, त्या दिशेने जाणारा तिचा भाग जागच्या जागी घट्ट होता. रेष्यांना आडवी जाणारी दोन टोके मात्र कमानीसारखी फुगली होती. टेपने मोजले तेव्हा गोल फळी रेष्यांच्या आडव्या अंगाने सुमारे 3 मिलिमीटरने आखडलेली निघाली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र दमट-कोरड्या हवेबरोबर फुगते आणि आखडते. पितळ तसे करत नाही, म्हणून जागा अपुरी पडली की पट्टीला वर उचलण्यावाचून गत्यंतर नसते. आजोबांच्या बिदरी पानदानातली चांदीची तार इतक्या वर्षांत सुटली नाही, कारण तिथे धातूतच धातू बसवलेला आहे आणि हवेतल्या ओलाव्याचा त्याच्या आकारावर काही परिणाम होत नाही. शिवाय आमच्या खोलीत मे महिनाभर कूलर दुपारी चालतो आणि रात्री बंद होतो, त्यामुळे लाकडाला दिवसातून दोनदा हवापालट सोसावा लागला.

मी डिंक भरून पट्टी दाबायला निघालो होतो. ओळखीच्या सुतारमामांनी अडवले आणि पावसाळा लागेपर्यंत हात लावू नका असे बजावले. जुलैच्या मध्यावर पट्टी आपोआप खाचेत बसली! मग त्यांनी बारीक करवतीने ती दोन ठिकाणी कापून केसभर फट ठेवली आणि तिच्यात लाखेत कालवलेला शिसमचाच भुसा भरला. फटीमुळे पट्टीला आखडत्या लाकडाबरोबर सरकायला वाव मिळेल असा त्यांचा हिशेब आहे. तो खरा ठरतो की नाही, ते येत्या एप्रिलमध्येच दिसेल.

इतर तक्रारी किरकोळ आहेत. पॉलिश लाखेचे असल्याने गरम चहाच्या कपाने पांढरे वर्तुळ उमटते आणि सॅनिटायझरचा थेंब तर थेट डागच पाडतो, म्हणून मी वर काच टाकली आहे. कोरीव पायांतली धूळ फडक्याने निघत नाही. रंगाऱ्याचा मऊ ब्रश लागतो. एका पायाच्या आतल्या बाजूस खोडाच्या बाहेरच्या भागातले फिकट लाकूड वापरलेले आहे आणि किडा आधी तिथेच लागतो, म्हणून त्या जागेवर माझे लक्ष असते.

सुट्या पानांच्या टेबलाला मात्र या दहा महिन्यांत काहीही झाले नाही. पाऊण इंचाच्या पानाखाली लाकूड आखडून आखडून किती आखडणार? घेताना मला वेल अधिक देखणी वाटली होती आणि तिच्यासाठी मी 900 रुपये जास्त मोजले होते. आता पाहुण्यांसमोर बैठकीत असते ते पानांचे टेबल. वेलीचे टेबल कूलरपासून दूर, देवघराबाहेरच्या कोपऱ्यात आहे.