बोट टोचायचं की दंडावर सेन्सर लावायचा? टाइप वनच्या रोजच्या तपासणीसाठी

टाइप वन मधुमेहात इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, आणि प्रत्येक जेवणाच्या डोसाआधी रक्तातली शुगर बघावी लागते, हे इथे नव्याने सांगायला नको. प्रश्न एवढाच, की ही सवय महिनोन्महिने टिकते कशाने: मीटर-पट्टीने, की दंडाला चिकटवायच्या सेन्सरने? माझी निवड करून झाली आहे. तरी दोन्हींच्या खाचाखोचा आधी पाहू.

मीटरबद्दल लोक सुईची भीती सांगतात, पण ती फार दिवस उरत नाही. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचलं, टोचायच्या पेनची खोली २ किंवा ३ पासून सुरू केली आणि सुई दर वेळी नवी घेतली, की दुखणं किरकोळ असतं. तीच सुई आठवडाभर चालवली की टोक बोथट होतं, मग खोली वाढवावी लागते आणि बोटं खरखरीत होतात. थेंब येत नसेल तर बोट पिळू नये. पिळल्यावर रक्तात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. हात कोमट पाण्याखाली धरावा, खाली सोडून दोन-चार वेळा झटकावा, मग टोचावं.

मीटरची खरी कटकट म्हणजे हात धुणं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सवय मोडते ती इथेच. संत्रं सोललं, आंबा चिरला, गुळाचा खडा हाताळला, की १२० च्या शुगरला (आकडे सगळे मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये) मीटर २०० च्या पुढेही दाखवू शकतो. पट्टीला लागणारा थेंब जेमतेम अर्धा ते एक मायक्रोलिटर; त्यात साखरेचा कणभर अंशही पुरतो. स्पिरिटच्या बोळ्याने भागत नाही, फळाची साखर त्याने नीट निघत नाही. साबण-पाणीच लागतं, आणि त्यानंतर बोट पूर्ण कोरडं लागतं, नाहीतर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो.

घरी हे सगळं जमतं. ऑफिसात बेसिन मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, डबे उघडलेले, मंडळी जेवायला बसलेली. लोकलमध्ये किंवा एसटीत तर विचारूच नका. त्यामुळे हमखास चुकते ती दुपारच्या जेवणाआधीची तपासणी, आणि डोस अंदाजाने जातो. याहून वाईट म्हणजे न धुतलेल्या बोटाने खोटा २१० दाखवला आणि त्यावर करेक्शनचं, म्हणजे वाढलेली शुगर खाली आणायचं जादा इन्सुलिन घेतलं, तर शुगर लो, म्हणजे धोकादायकरीत्या कमी, झालीच म्हणून समजा. पाणी नसेलच तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा पट्टीला लावावा. वेळ निभावते, पण धुण्याची सर त्याला नाही.

मीटरची बाकीची पथ्यं थोडक्यात. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच बंद. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली दमट हवा पट्ट्या लवकर खराब करते. डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी, कारण फोडल्यानंतरची मुदत छापील मुदतीपेक्षा बरीच कमी असते. मीटरमधलं घड्याळ बरोबर लावावं. वेळ चुकीची असेल तर साठवलेले आकडे डॉक्टरांना निरुपयोगी. आणि लागोपाठ दोनदा टोचून १९० व २१० आले म्हणून मीटर बिघडला असं नाही. १०० च्या वर ±१५ टक्के फरक चालेल, असं मानकच आहे.

आता सेन्सर. आपल्याकडे सर्वांत ओळखीचा फ्रीस्टाइल लिब्रे: दंडाच्या मागच्या बाजूला लावायचा, १४ दिवस चालतो, लावल्यावर तासाभराने आकडे देऊ लागतो. मूळ लिब्रेत फोन जवळ नेऊन स्कॅन करावं लागतं आणि त्यात आठ तासांचीच नोंद राहते. आठ तासांत एकदा तरी स्कॅन झालं नाही, तर आलेखात भोक पडतं. ही मर्यादा मला उलट सोयीची वाटते: उठल्यावर, दुपारी आणि झोपताना स्कॅन करणं आपसूक अंगवळणी पडतं. शर्टाच्या बाहीवरूनही स्कॅन होतं. हात धुवा, सुई काढा, पट्टी टाका, यातलं काही नाही. घेण्याआधी फोनमध्ये एनएफसी (जवळ नेऊन स्कॅन करायची सोय) आहे का ते बघा. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा नसतं. डॉक्टर लावतात तो ‘प्रो’ प्रकार वेगळा. त्यात आकडे तुम्हाला त्या क्षणी दिसत नाहीत, नंतर अहवाल मिळतो. डोस बदलायला तो उत्तम, सवय लावायला बिनकामाचा.

शिवाय आकड्याशेजारचा बाण, शुगर कुठल्या दिशेने चालली आहे ते दाखवणारा. रात्री झोपताना मीटर १३० म्हणतो, पण ती चढती आहे की उतरती, हे कळायला अर्ध्या तासाने पुन्हा टोचावं लागतं. सेन्सरवर १३० आणि खाली बाण दिसला, की दूध-बिस्किटं घेऊन झोपायचं, हे तिथल्या तिथे ठरतं.

पण सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. ती साधारण ५ ते १० मिनिटं मागे असते. एरवी चालतं, लो झाल्यावर मात्र घोळ होतो. १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन सपाट चमचे, पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटं झाली, तरी सेन्सर ६२ च दाखवतो. घाबरून आणखी लाडू, आणखी सरबत, आणि दोन तासांनी २८०. लो सावरताना बोटच टोचावं. लक्षणं एक सांगतात आणि स्क्रीन दुसरंच, तेव्हाही बोटच. पहिल्या दिवसाचे आकडे थोडे संशयानेच घ्यावेत. सेन्सरच्या कुशीवर झोपलं तर दाबामुळे रात्री खोटा लो दिसतो, म्हणून ज्या कुशीवर झोपता त्याच्या उलट दंडावर लावा.

चिकटपणाचा शत्रू म्हणजे तेल. लावण्याआधी दंड साध्या साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू द्यावा. दिवाळीत अभ्यंगाचं तेल त्या दंडाला लावू नका. मे महिन्यात घामाने कडा सुटू लागल्या, तर भोवती वैद्यकीय टेप लावावी. मधलं छिद्र झाकू नये.

आणखी एक धोका, जो मीटरमध्ये नसतो: दर दहा मिनिटांनी बघायचा मोह. जेवणानंतर १९० दिसले की करेक्शन, अर्ध्या तासाने अजून १८५ म्हणून पुन्हा करेक्शन. जलद इन्सुलिनचा परिणाम साधारण चार तास राहतो. डोसावर डोस चढला की संध्याकाळी जमीन दिसते.

खर्चात मीटर सरळ जिंकतो. दिवसाला पाच पट्ट्या धरल्या तर महिन्याला तीनेक हजार रुपये. सेन्सर साधारण पाच हजारांना एक, महिन्याला दोन, शिवाय थोड्या पट्ट्या ठेवाव्या लागतातच. परवडत असेल तर मी सेन्सरच सुचवेन, मुख्यतः त्या दुपारच्या हात धुण्यापायी. परवडत नसेल तर तीन महिन्यांतून एक सेन्सर, डॉक्टरांच्या भेटीआधीच्या पंधरवड्यात, आणि बाकी काळ मीटर.

मीटरवरच राहणार असाल तर चार वेळा ठाम ठेवा: तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना. पाचवी फिरती: आज नाश्त्यानंतर दोन तासांनी, उद्या दुपारच्या जेवणानंतर, परवा रात्रीच्या. आठवड्यातून एकदा पहाटे तीनला. पोहे आणि भाकरी यांचा फरक या फिरत्या तपासणीतच दिसतो. ऑफिससाठी दुसरा मीटर टेबलाच्या खणात ठेवा. मीटर स्वस्त असतो, पट्ट्या महाग. दोन्ही मीटर एकाच कंपनीचे घेतले की डबी एकच पुरते. आजारपणात या वेळापत्रकावर विसंबू नका: दर दोन-चार तासांनी शुगर, आणि ती २५० च्या वर टिकली तर लघवीतलं कीटोनही (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारं आम्ल) तपासा, मग साधन कुठलंही असो.

पहिला सेन्सर घेताना लग्नसराईचा किंवा तापाचा पंधरवडा टाळा, नेहमीच्या जेवणाखाणाचा निवडा. खोक्यावरची मुदत बघा आणि बिल व खोकं जपून ठेवा. मुदतीआधी पडला किंवा बंद झाला, तर कंपनीच्या ग्राहकसेवेला अनुक्रमांक सांगून बदली मागता येते, आणि तो अनुक्रमांक खोक्यावर छापलेला असतो.