इलेक्ट्रिक गाडी वर्षभर वापरल्यावर: अपडेट आलं म्हणजे दोष गेला का?

गाडी घेऊन वर्ष होत आलं. रोज कोथरूड ते हिंजवडी, अधूनमधून सातारा. मोटर आणि सस्पेन्शनबद्दल तक्रार नाही, खर्चही पेट्रोलपेक्षा बराच कमी. लिहायचंय ते गाडीला इंटरनेटवरून येणाऱ्या सॉफ्टवेअर अपडेटबद्दल.

पावसाळ्यात फास्ट चार्जरवर मध्येच चार्जिंग तुटायला लागलं. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, "सर, पुढच्या अपडेटमध्ये होईल." अपडेट आलं आणि त्रास थांबलाही. पण त्यानंतर खंबाटकीचा उतार उतरताना रीजन (पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी थोडी चार्ज करते ते) आधीपेक्षा कमी धरतंय, हे लगेच जाणवलं. बॅटरी भरलेली असली की रीजन कमी मिळतं हे माहीत आहे, पण तेव्हा ती सत्तर टक्क्यांच्या आसपास होती. स्क्रीनवर मजकूर एवढाच: 'कार्यक्षमतेत सुधारणा'. जॉब कार्डवर नोंद नाही, कारण गाडी वर्कशॉपला गेलीच नव्हती. उद्या ही गाडी कोणी सेकंडहँड घेतली, तर आधी काय बिघडलं होतं हे त्याला कुठून कळणार?

अपडेटला माझा विरोध नाही. २०१८ मध्ये टेस्लाच्या मॉडेल ३ चं ब्रेकिंगचं अंतर कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक संस्थेच्या चाचणीत फार जास्त भरलं. कंपनीने घरबसल्या अपडेट पाठवलं आणि ते अंतर १९ फुटांनी कमी झालं. हे पेट्रोल गाडीत कधी पाहिलं नव्हतं. पण डिसेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या २० लाखांवर गाड्यांना ऑटोपायलटसाठी (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी) अपडेट गेलं, तेव्हा सरकारदरबारी त्याची नोंद रिकॉल म्हणूनच झाली, म्हणजे कंपनीने दोष जाहीर करून गाड्या दुरुस्त करून देणं. 'नुसतं सॉफ्टवेअर होतं, त्याला रिकॉल कशाला म्हणायचं' हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. नोंद झाली म्हणूनच दोष काय, गाड्या कोणत्या आणि उपाय काय, हे लोकांना कळलं.

नुसते रिकॉलचे आकडे मोजणंही चुकीचंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाच्या सुमारे २२ लाख गाड्यांचा रिकॉल झाला तो इशाऱ्याच्या दिव्यांची अक्षरं बारीक होती म्हणून. त्याच्या शेजारी शेव्हरोले बोल्टचं प्रकरण ठेवून पाहा. तिथे बॅटरीच्या सेलमध्येच आग लागू शकेल असा दोष होता: फाटलेला ॲनोड टॅब (इलेक्ट्रोडची जोडपट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा). कंपनीने आधी सॉफ्टवेअरने चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखलं, शेवटी बॅटरीचे मॉड्यूल (सेलचे गट) बदलावे लागले. ह्युंदाई कोनाचंही तसंच. कोरियात अपडेट झालेली एक गाडी जानेवारी २०२१ मध्ये पेटली आणि मग बॅटऱ्या बदलण्याचा निर्णय झाला. हार्डवेअरचा दोष सॉफ्टवेअरने फार तर झाकता येतो, आणि त्याची किंमत मालक कमी रेंज किंवा मंद चार्जिंगच्या रूपात मोजतो. म्हणून अपडेटनंतर रेंज, चार्जिंगचा वेग आणि रीजन या तिन्ही गोष्टी मी पुन्हा तपासतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम ११०ए आलं. सुरक्षेशी संबंध असलेलं प्रत्येक अपडेट त्याच नजरेने पाहिलं जावं आणि गाडीच्या नंबरवर कोणालाही शोधता यावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर सर्व्हिसला गेलात की सॉफ्टवेअरचं व्हर्जन जॉब कार्डवर लिहून घ्या. ॲडव्हायझर कुरकुरतात, पण लिहून देतात. गाडी मी ठेवणार आहे आणि मित्रांनाही घ्या म्हणतो. रीजन नेमकं का कमी केलं, हे कंपनीला लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकेन.