मागे तोंड की पुढे तोंड? दोन वर्षांच्या मुलाची कार सीट

समोरून धडक बसली की गाडी थांबते, आतलं सगळं मात्र पुढे जात राहतं. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात. डोकं झटक्याने पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. या वयात डोकं जड, मान कोवळी. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का विभागला जातो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच. युरोपच्या आर१२९ या कार सीटच्या नियमात १५ महिन्यांपर्यंत तोंड मागे ठेवणं ही किमान अट आहे, सीट फिरवायचा मुहूर्त नव्हे.

‘पाय दुमडतात हो त्याचे!’ दुमडू द्या. मुलं मजेत मांडी घालून बसतात. मर्यादा डोक्याची असते: बऱ्याच सीटमध्ये टाळूच्या वर सीटचं किमान अडीच सेंटिमीटर कवच उरायला हवं.

दिशा बदलली की पट्टेही बदलतात. मागे तोंड असताना ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत, पुढे असताना रेषेत किंवा किंचित वरून. पुढे केल्यावर वरचा टेदर पट्टा, म्हणजे सीटचा वरचा भाग गाडीला बांधणारा पट्टा, बहुतेक सीटना लागतो. नेमका तोच लोंबकळत राहतो, आणि मग डोकं आणखी पुढे जातं. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा. घडी पडली तर तो सैल आहे.

पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल, तर मागे तोंडाची सीट तिथे कधीही लावू नका.