भूतानला जाताय? परमिटवरची तारीख स्वतः वाचा

थिंफूहून पुनाखाला निघालं की डोचूला खिंडीच्या अलीकडे होंगत्शोला चेकपोस्ट लागतं. आमचा गाइड कागद घेऊन आत गेला आणि तोंड पाडून परत आला. परमिट त्याच दिवशी संपत होतं. आमच्या अजून तीन रात्री बाकी होत्या.

भारतीयांना भूतानमध्ये माणशी दर रात्री १,२०० रुपये सरकारी शुल्क पडतं, सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. आम्ही चौघं: आई, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि मी. भूतानच्या सीमेला लागून असलेल्या, आपल्याकडच्या जयगावच्या एजंटाने फोनवरच हिशेब सांगितला, पाच रात्रींचे २४,००० रुपये. मी पुण्यात बसून यूपीआयने पाठवूनही दिले. खातं कुणा तिसऱ्याच बाईच्या नावाचं होतं, खटकलं, पण विचारलं नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं शुल्क असतं हेही नंतर कळलं. म्हणजे लेकीच्या नावावर ३,००० आधीच उपटले होते.

पठ्ठ्याने प्रत्यक्षात भरल्या दोनच रात्री, ८,४०० रुपये. "परमिट गाइडकडेच असू द्या, हरवेल," असं बजावल्यामुळे आम्ही तो कागद उघडूनही पाहिला नव्हता. गाइडला सांगितलं होतं, पुढचं वाढवून देतो. बिचाऱ्याचे स्वतःचे पैसेही एजंटाकडे अडकले होते. फोन अर्थातच बंद.

गाडी वळवून थिंफूला परत. इमिग्रेशनच्या माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण १२,६०० भरावेच लागले. पुनाखाला पोचेपर्यंत अंधारलं. १६३७ साली बांधायला घेतलेला तो झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, फो छू आणि मो छूच्या संगमावरचा, आईने वर्षभर फोनच्या वॉलपेपरवर ठेवला होता. तिला तो नदीपलीकडून, दिव्यांच्या उजेडात दिसला तेवढाच.

परमिटचा अर्ज भूतान इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर आपला आपल्याला करता येतो, शुल्कही तिथेच भरता येतं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. एजंट धरलाच तर शुल्क भरल्याची पावती मागा, त्यावरच्या रात्री मोजा आणि परमिट आपल्या पाकिटात ठेवा.

परतताना जयगावात त्याच्या पत्त्यावर गेलो. तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, या महिन्यात तुम्ही तिसरे.