अनुभवी शो जंपिंगचा घोडा कितीला पडतो: आठेक महिन्यांनंतरचा अनुभव

लेकीसाठी शो जंपिंगचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेचा घोडा घेतला हे कळल्यापासून प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, कितीला पडला? तर साडेआठ लाख. 13 वर्षांचा गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा), रेसमधून आलेला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात), 110 सेंमीच्या क्लासमध्ये, म्हणजे तेवढ्या उंच अडथळ्यांच्या स्पर्धेत नियमित उतरलेला आणि 120 पण थोडंफार केलेलं. कागदावर नाव लांबलचक आहे, तबेल्यात सगळे बंटी म्हणतात.

आता लोक म्हणतात पुण्यात रेसकोर्स आहे, रिटायर घोडा लाखभरात मिळतो, कधीकधी तर मालक चांगलं घर बघून तसाच देऊन टाकतात, मग एवढे पैसे कशाला? मिळतो, खरंय. पण त्या घोड्याला आयुष्यभर फक्त पुढे पळायचं शिकवलेलं असतं, त्याला सावकाश गोल फिरायला, रायडरचं ऐकायला आणि मग उडी मारायला शिकवण्यात दोन-तीन वर्षं जातात आणि शिकवणारा रायडर मुरलेला लागतो. 16 वर्षांची मुलगी आणि कच्चा घोडा ही जोडी मला तरी नको होती. मग एकजण 1956 मधल्या स्नोमॅनची गोष्ट पाठवतोच, अमेरिकेत हॅरी डिलेयरने कत्तलखान्याकडे निघालेला घोडा 80 डॉलरला घेतला आणि 1958 ला तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चॅम्पियन झाला. गोष्ट खरी आहे हो, पण डिलेयर स्वतः पट्टीचा घोडेस्वार होता, आम्ही बाणेरला फ्लॅटमध्ये राहतो.

आम्ही फिरलो तेव्हा जे भाव ऐकले ते असे: 80-90 सेंमी शांतपणे करणारा तीन ते पाच लाख, 110 वाला सहा ते बारा, 120 च्या वर क्लिअर राउंड (बिनचूक फेऱ्या) नावावर असतील तर पंधराच्या पुढे, आणि युरोपातून आणलेला वॉर्मब्लड (खेळासाठीच पैदास केलेला घोडा) असेल तर तीस-चाळीस लाखांपासून पुढे कितीही. इंपोर्टेडमध्ये विमान, क्वारंटाइन आणि ड्युटीचेच इतके पैसे असतात की घोडा किती गुणी आहे हे किमतीवरून कळतच नाही. लेक 90-100 करते, तिला तो घोडा दाखवण्यापुरताच झाला असता.

पैसे नक्की कशाचे दिले ते मला दोनेक महिन्यांनी मैदानाच्या कडेला उभं राहून कळलं. कँटरमध्ये (घोड्याची मध्यम धाव) त्याचं एक पाऊल साधारण साडेतीन मीटरचं, दोन अडथळ्यांमधलं अंतर त्या हिशोबाने लावलेलं असतं, आणि रायडरने एक वळण जरा लांबून घेतलं की सगळा हिशोब बोंबलतो. कच्चा घोडा तिथे थांबतो, थांबला की चार फॉल्ट (दंडाचे गुण), परत थांबला की बऱ्याच क्लासमध्ये सरळ बाहेर. बंटी काय करतो, एक छोटं पाऊल मध्ये घुसवतो आणि उडी मारून मोकळा होतो, आणि लेकीला वाटतं तिनेच बरोबर आणलं. ट्रेनर म्हणतात शिकवणारा घोडा असाच हवा, आणि मुलीला जेवढी उंची करायची त्याच्या एक पायरी वरचं काम त्याने केलेलं असावं म्हणजे तिच्या चुकांसाठी त्याच्याकडे जागा राहते. याच कामाचा 9 वर्षांचा घोडा आम्हाला चौदा लाखांना सांगितला होता, म्हणजे वयामुळेच आम्हाला परवडला.

वय आहे त्याची किंमत पण आहे म्हणा. थंडीत सकाळी आखडलेला असतो, वीस मिनिटं नुसतं चालवल्याशिवाय ट्रॉट (दुडकी चाल) करायचा नाही. आणि अडथळ्याखाली ठेवलेल्या पाण्याच्या ट्रेला अजून डोळे वटारतो.

एक खर्च मात्र कुणी कितीही नको म्हटलं तरी करा, तो म्हणजे घेण्याआधीची डॉक्टरची तपासणी आणि डॉक्टर तुमचा हवा, विकणाऱ्याचा नाही. आम्हाला एक्सरे, फ्लेक्शन टेस्ट (पाय दुमडून धरून मग लंगडतो का बघतात ती) आणि रक्त धरून बावीस हजार लागले. बंटीच्या आधी एक सुंदर कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडा बघितला होता, सहा लाख, चकचकीत, व्हिडिओ एकदम भारी. डॉक्टरांनी मागचा पाय मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच ट्रॉट करायला लावला, तर सरळ लंगडला. विकणारा म्हणे काल जास्त काम झालं. रक्त यासाठी की पेनकिलर देऊन लंगडेपणा चार दिवस झाकता येतो. वय घोड्याच्या पासपोर्टवर बघाच पण दातही बघायला सांगा, आणि बाहेरच्या राज्यातून आणणार असाल तर ग्लँडर्सचा (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) निगेटिव्ह रिपोर्ट आधी हातात घ्या, मग ट्रक ठरवा.

महिन्याचं म्हणाल तर तबेला, साईस (घोडा सांभाळणारा माणूस), चंदी (घोड्याचा दाणा), लसूणघास मिळून पस्तीस हजार. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येतो त्याचे वेगळे, डॉक्टर आणि स्पर्धांची फी वेगळी. म्हणजे दोन वर्षांत घोड्याची किंमत परत एकदा भरून होते, हे आधी कागदावर मांडून बघा. पावसाळ्यात खूर सडायला लागतात, रोज साफ करून कोरडे ठेवावे लागतात, मैदान चिखल असलं की उडी बंद आणि बिल मात्र चालू. खोगीर कानपूरचं घेतलं, पाठीला मापून, तीसेक हजारात, छान चाललंय, इंपोर्टेडच्या नादी लागलो नाही.

विकताना साडेआठ येतील हे डोक्यातून काढलंय. अजून तीन-चार वर्षं तो हे काम करेल, पण घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, मग पुढची आठ-दहा वर्षं त्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न घेतानाच पुढ्यात होता. मुळशीकडे ओळखीच्यांची मोकळी जागा आहे, ते शेड आणि गवत धरून महिन्याला बारा हजार म्हणाले, तेव्हा खुरांच्या नाला काढून टाकायच्या म्हणजे तो एक खर्च कमी.