फ्री बेसिक्स : फुकट वाचनालय, पण किल्ली कोणाकडे?

बंद पडून वर्षे लोटलेल्या सेवेचे परीक्षण लिहिणे काहीसे विचित्र वाटेल. पण निवडक संकेतस्थळे मोबाइलवर फुकट दाखवणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही सेवा भारतात जेमतेम वर्षभर चालली आणि तेवढ्या काळात तिच्या बाजूने व विरुद्ध इतके रान उठले, की वापरणाऱ्याच्या हाती नेमके काय पडत होते हा साधा प्रश्न मागेच राहिला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या नावाने ती रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता आणि भाषांत मराठीही होती. डेटा पॅक न मारता विकिपीडिया, हवामान, बातम्या, क्रिकेटचे धावफलक, नोकऱ्यांच्या जाहिराती अशी तीसहून अधिक संकेतस्थळे उघडता येत. फेसबुक तर अर्थातच होते. यादीत येण्यासाठी पान जावास्क्रिप्ट (पानात हालचाल आणणारा प्रोग्राम), व्हिडिओ आणि मोठ्या चित्रांविना चालले पाहिजे, अशी अट होती. टूजीवर ती उपकारकच ठरली असणार; आजच्या कित्येक अवजड संकेतस्थळांनाही ही शिस्त लावावीशी वाटते.

मात्र याच अटीमुळे विद्यार्थ्याला धडा वाचता येई, पण शिक्षकाने तोच धडा फळ्यावर समजावून सांगितलेला पाहता येत नसे. यादीतल्या ‘बिंग’ या शोधयंत्रावर शोध घेतला तर उत्तरांची यादी फुकट दिसे आणि त्यातील बाहेरच्या दुव्यावर बोट ठेवताच पैसे लागत. अनुक्रमणिका फुकट आणि पुस्तक विकत, असाच हा प्रकार. पुढे फेसबुकने अटी पाळणाऱ्या कोणालाही प्रवेश खुला केला हे खरे; पण अटी फेसबुकच्या आणि सगळी ये-जाही फेसबुकच्याच सर्व्हरमधून, यात फरक पडला नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील लेखात या सेवेची तुलना सार्वजनिक ग्रंथालयाशी केली आणि हवामान व बाजारभाव पाहून शेती सुधारणाऱ्या महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. उदाहरण खोटे मानण्याचे कारण नाही. पण ज्या ग्रंथालयाच्या दाराची किल्ली एका प्रकाशकाकडे असते आणि ज्यात त्याची स्वतःची पुस्तके कायम पहिल्या फळीवर असतात, त्याला आपल्याकडे दुकान म्हणतात. उद्या एखाद्या तालुक्यातील तरुणाने कांद्याच्या भावाचे अधिक चांगले संकेतस्थळ काढले, तर त्याला ग्राहकाआधी फेसबुकचे समाधान करावे लागले असते, आणि माझ्या मते हाच या सेवेतील दुरुस्त न होणारा दोष होता.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास, म्हणजे काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची विकत देण्यास, मनाई केली. दंड दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख. सूट फक्त आणीबाणीच्या सेवांना. काही दिवसांतच फेसबुकने भारतातून सेवा मागे घेतली.

गरिबाला फुकट काहीच देऊ नये, असा या निर्णयाचा अर्थ अनेकांनी लावला, तो चुकीचा आहे. संपूर्ण इंटरनेटसाठी मर्यादित डेटा मोफत देण्याची वाट ट्रायने मोकळीच ठेवली होती. बांगलादेशात फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला आणि तिथली मोबाइल कंपनी ग्रामीणफोन यांनी साधारण तेच करून पाहिले होते : छोटी जाहिरात पाहायची, २० एमबी मिळवायचे आणि ते कुठे खर्च करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.