जुने गोवे की दिवाडी? हाताशी एकच सकाळ असेल तर

मुक्काम कळंगुट-बागाकडे आणि त्यातली एक सकाळ चर्च बघण्यासाठी राखून ठेवलेली, असा बेत आखून पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे नातेवाईक येतात. मग प्रश्न ठरलेला असतो, जुन्या गोव्यात जायचं की नदीपलीकडच्या दिवाडी बेटावर? मध्ये फक्त मांडवी आहे, फेरीबोटीला काही मिनिटं लागतात. त्यामुळे दोन्ही उरकता येतात असं वाटतं. उरकता येतात खरी, पण माझ्या मते बघून होत नाहीत.

जुन्या गोव्याची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. इथल्या चर्च आणि मठांना १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो उगाच नाही. बॉम जेझू चर्चमध्ये एकाच जागी किती दूरदूरचे हात एकत्र आले आहेत! संत फ्रान्सिस झेवियर वारले १५५२ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर. त्यांचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी घडवली गोव्यातल्याच कारागिरांनी, सतराव्या शतकात. आणि ती पेटी ज्यावर ठेवली आहे तो संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला. तिथल्या मेदिची घराण्यातल्या ड्यूकने तो भेट दिला, फोजिनी नावाच्या शिल्पकाराने घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल आहे. काम १५६२ मध्ये सुरू झालं, १७७६ मध्ये एक मनोरा कोसळला तो परत बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आहे. शिल्पकलेचा, बांधकामाचा विचार केला तर दिवाडीकडे याला तोड नाही.

माझं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीने वळवलं. साइटसीइंगच्या बसगाड्या इथे थांबतात त्या बहुतेक वेळा अर्ध्या तासासाठी. तेवढ्यात दोन्ही मोठी चर्च बघून, फोटो काढून, नारळपाणी पिऊन परत गाडीत बसायचं असतं. त्यात लोकांचा दोष नाही, त्यांना वेळच तेवढा दिलेला असतो. पण ही घाई सगळ्या आवारात पसरते आणि ज्याला घाई नाही त्यालाही ती ओढून नेते. पेटीसमोर उभं राहून तिच्यावर कोरलेले संताच्या आयुष्यातले प्रसंग नीट पाहावेत, तर पेटी उंचावर आणि मागची रांग पुढे सरकलेली. पुढच्या बाकावर एखादी आजी गुडघ्यावर बसून गोंयच्या सायबाकडे, म्हणजे संत झेवियरकडे, काही मागत असते आणि तिच्या डोक्यावरून चार हात फोन उंचावतात. ते पाहिलं की मला तिथे उभं राहायचा संकोच वाटतो. या सायबापुढे ख्रिस्ती आणि हिंदू दोघंही नवस बोलतात. जागा जिवंत आहे, तिथे रोज प्रार्थना होते, आणि नेमकं तेच त्या अर्ध्या तासात दिसत नाही.

पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, अगदी सकाळी गेलात तर कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल. सेंट ऑगस्टीनच्या ४६ मीटर उंच मनोऱ्यापाशी तर एरवीही निवांतपणा मिळतो. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, आता चिऱ्याचा तो उघडा मनोरा आणि आजूबाजूला पाये तेवढे उरले आहेत. पण चर्च बघायला म्हणून आलेले पाहुणे सहसा तिथवर पोचतच नाहीत.

दिवाडीला पूल नाही, आणि मला वाटतं, तिचं सगळं सुख त्यातच आहे. व्हॉइसरॉयच्या कमानीखालून सरळ गेलं की फेरीचा धक्का लागतो. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे उतरलं की दोन्ही बाजूंना खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली सखल शेतं), मग टेकडी, आणि टेकडीवर पियेदादचं चर्च. सध्याची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. अंगणाच्या कठड्याशी उभं राहिलं की नदी आणि तिच्यापलीकडे झाडीतून वर आलेली जुन्या गोव्याची चर्च दिसतात. मला तर जुनं गोवं सगळ्यात चांगलं इथूनच दिसतं.

चर्चच्या बाजूला दफनभूमी आहे. तिच्यातल्या छोट्या चॅपेलचं दगडी छत आवर्जून बघा. ते कदंबकाळातलं, जुन्या देवळाचं मानतात. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत, त्याचं मूळ स्थानही याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं, लिंग नदीपार नार्व्याला गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी आहे. ती धरलीत तर डिचोली तालुक्यातल्या या देवळाचं दर्शन घेऊन तिकडूनच कळंगुटला परत जाता येतं. चर्च आणि देऊळ एकमेकांच्या इतिहासात कसे गुंतले आहेत, हे या वाटेवर जसं समजतं तसं जुन्या गोव्यातल्या माहितीफलकांवरून मला तरी कधी समजलं नाही.

दिवाडीच्या अडचणीही सांगायला हव्यात. टेकडीवरचं चर्च मिस्सेच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, वेळा सोडल्या तर बंद मिळण्याची बरीच शक्यता असते. खाण्याची सोय बेताची, तेव्हा पाणी बरोबर ठेवा. स्वतःची किंवा भाड्याची दुचाकी नसेल तर बेटावर फिरणं जिकिरीचं होतं. बरोबर थकलेले आई-वडील असतील, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आणि बहुधा एकदाच गोव्याला येणारं कुणी असेल, तर त्यांना जुन्या गोव्यातच न्या. बॉम जेझू न बघता परत जाणं त्यांना रुखरुख लावेल. पण तुम्ही पूर्वी तिथे जाऊन आला असाल, आणि तेव्हाची बाजारासारखी गर्दी तेवढीच आठवत असेल, तर यंदाची सकाळ दिवाडीला द्या.

शक्यतो रविवार निवडा. मिस्सा असते, त्यामुळे दार उघडं मिळतं. ती संपेपर्यंत अंगणात थांबा, मग आत जा. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, आत कुणी बसलेलं असेल तर फोटोआधी विचारा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र बेटावर बोंदेरां हा उत्सव असतो. रंगीत झेंड्यांची मिरवणूक बघायची असेल तरच त्या दिवशी या, एरवी दुसरा दिवस बघा, कारण तेव्हा फेरीलाही मोठी रांग लागते.